अलास्काची क्रूझ: आधी मार्ग ठरवा, जहाज नंतर

प्रश्न थोडक्यात: आम्ही पुण्याचे, दोघंही निवृत्त, वय ६४ आणि ६१. मुलगी सिअ‍ॅटलजवळ नोकरीला आहे. पुढच्या वर्षी तिच्याकडे जाणार आहोत, तेव्हा अलास्काची सात रात्रींची क्रूझ करावी आणि लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस जहाजावरच साजरा करावा असं मनात आहे. सोबत पाच जहाजांची यादी दिली आहे, त्यातलं चांगलं कुठलं? सिअ‍ॅटलहून जावं की व्हँकुव्हरहून? महिना कोणता? बाल्कनी घ्यावीच लागते का? हिला मांडव्याच्या लाँचमध्येही बोट लागते, शिवाय गुडघा दुखतो. दोघंही शाकाहारी, अंडंही खात नाही.

उत्तर:

ती यादी सध्या बाजूला ठेवा. कॅरिबियनला जाताना जहाज बघून तिकीट काढलं तरी चालतं, कारण तिथे निम्मी सुट्टी जहाजावरच्या तलावाच्या काठी जाते. अलास्कात आपण डेकवर उभं राहून बाहेर बघायला जातो. नाट्यगृह किती मजली आणि घसरगुंडी किती लांब, याने तुमच्या सहलीत काडीचाही फरक पडणार नाही. जहाज कुठून सुटतं, कुठल्या वाटेने वर जातं, कुठल्या हिमनदीपाशी थांबतं आणि प्रत्येक बंदरात किती वाजता लागून किती वाजता निघतं, यांनी मात्र नक्की पडेल. जाहिरातीत हे कधी ठळक अक्षरांत नसतं. वेबसाइटवर 'आयटिनररी' उघडलं की खाली बारीक टाइपात वेळा दिसतात. तिथून सुरुवात करा.

आधी नकाशा बघा. क्रूझवाले ज्याला अलास्का म्हणतात तो त्या राज्याचा आग्नेयेकडचा चिंचोळा पट्टा आहे. उत्तरेकडे जाताना डावीकडे शेकडो बेटं, उजवीकडे बर्फाचे डोंगर आणि मधून पाण्याची वाट, तिचं नाव इनसाइड पॅसेज. पॅसिफिकच्या लाटा बेटांवर आपटून तिकडेच विरतात, म्हणून आतलं पाणी शांत राहतं. वहिनींना बोट लागत असेल तर तुमचा सिअ‍ॅटल की व्हँकुव्हर हा प्रश्न इथेच निम्मा सुटतो.

व्हँकुव्हरहून सुटलेली जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने जातात. लायन्स गेट पुलाखालून बाहेर पडायचं, मग सीमोर नॅरोज नावाची अरुंद खिंड. तिथे भरती-ओहोटीचा ओढा इतका जबर असतो की मोठी जहाजं पाणी स्थिरावण्याची वेळ साधूनच पार होतात. या खिंडीच्या मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता, त्याने कित्येक जहाजं बुडवली. अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी समुद्रतळाखालून बोगदा खणून त्यात स्फोटकं भरली आणि तो उडवला. ही खिंड अनेकदा रात्री येते, पण उजेडात आली तर जेवण सोडून डेकवर या. पुढे जॉन्स्टन सामुद्रधुनी. त्यानंतर क्वीन शार्लट साउंडचा काही तासांचा उघडा पट्टा लागतो, तिथे थोडं हलतं. वर अलास्काच्या हद्दीशी डिक्सन एन्ट्रन्स आहे, तिथेही थोडं. बाकी बहुतेक सगळा प्रवास आडोशातला.

सिअ‍ॅटलहून सुटणारी बहुतेक जहाजं वेळ वाचवण्यासाठी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून जातात. जाताना जवळजवळ एक पूर्ण दिवस आणि येताना तेवढाच. जहाज मोठं असतं, हेलकावे कमी करणारे स्टॅबिलायझर असतात, कित्येकांना काही जाणवत नाही. पण मांडव्याच्या लाँचमध्ये ज्यांना मळमळतं त्यांनी तो जुगार का खेळावा? सिअ‍ॅटलच्या फेऱ्यांमधली दुसरी अडचण व्हिक्टोरियाची. १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न गाठता, परत अमेरिकेत उतरवता येत नाहीत. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, बर्म्युडा, पनामा किंवा नेदरलँड्सचा झेंडा लावतात. म्हणून सिअ‍ॅटलचं जहाज कायदा पाळण्यापुरतं कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतं, बहुतेक वेळा शेवटच्या संध्याकाळी. शहर देखणं आहे, पण अंधार पडता पडता उतरून काय दिसणार? वेळापत्रकात हा थांबा एक पूर्ण बंदर म्हणून मोजलेला असतो, तो तुम्ही मोजू नका.

तेव्हा माझं मत व्हँकुव्हर. मुलीच्या घरापासून ते फार लांब नाही. सिअ‍ॅटलहून सुमारे २३० किलोमीटर. गाडीने, बसने किंवा ट्रेनने जाता येतं. फक्त सीमेवर किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून आदल्या दिवशीच पोहोचा आणि रात्र व्हँकुव्हरमध्ये काढा. जहाज कुणासाठी थांबत नाही. अमेरिकेचं इमिग्रेशन कॅनडा प्लेसच्या धक्क्यावरच, जहाजात चढण्याआधी होतं. तिथली रांग कधी कधी लांबते, म्हणून औषधं, पाण्याची बाटली आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते.

व्हिसाचं नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्टवर दोन्ही व्हिसे लागतील: अमेरिकेचा एकाहून जास्त प्रवेशांचा आणि कॅनडाचा. सिअ‍ॅटलहून गेलात तरी व्हिक्टोरियामुळे कॅनडाचा लागतोच. 'आम्ही उतरणारच नाही' हे कारण चेक-इनच्या टेबलावर चालेल असं धरून चालू नका. कागद पुरे नसले तर जहाजात चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. मुलगी सोबत येणार असेल आणि ती एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर तिच्या पासपोर्टवरचा शिक्का चालू आहे का, नसेल तर परत येताना काय लागेल, हे तिने कंपनीच्या वकिलाला आधीच विचारावं. अमेरिकेत तुम्हाला मिळालेली मुक्कामाची मुदत कॅनडाला जाऊन आल्याने नव्याने सुरू होतेच असं नाही, हेही लक्षात असू द्या. सहा महिने राहून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात क्रूझ ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांची सगळी सहल काळजीत जाते.

आता हिमनदी. सात रात्रींत एक दिवस तिच्यासाठी असतो आणि त्या दिवशी जहाज कुठे जाणार यावर मी सगळ्यात जास्त भर देतो. माझी पहिली पसंती ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. तिथे एका दिवशी फक्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात. परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत; प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांच्या फेऱ्या जास्त. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात, दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात आणि संध्याकाळी उतरून जातात. तुम्हाला कुठेच उतरायचं नसतं. गुडघ्याला विश्रांती आणि डोळ्यांना काम.

या खाडीची गोष्ट ऐकून मग ती बघा. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेची माणसं इथे आली तेव्हा खाडी अशी नव्हतीच. होती ती बर्फाची भिंत आणि किनाऱ्याला पडलेली जराशी खाच. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर बर्फ कित्येक मैल मागे गेला होता. १९१६ च्या सुमारास तो खाडीच्या तोंडापासून सुमारे १०५ किलोमीटर आत पोहोचला. म्हणजे तुमचं जहाज दिवसभर ज्या पाण्यावरून जाणार, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता. हूना त्लिंगिट लोकांची गावं त्या बर्फाच्या आधी इथे होती. वाढत्या हिमनदीने त्यांना बाहेर काढलं. तोंडाशी झाडी दाट असते, आत जावं तशी ती खुरटी होत जाते आणि शेवटी नुसता खडक उरतो. बर्फाने जमीन कुठल्या क्रमाने मोकळी केली ते डेकवर उभ्या उभ्या वाचता येतं.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि जागच्या जागी वळतं, त्यामुळे डावी बाजू की उजवी याचं टेन्शन घेऊ नका. बर्फाचा कडा कोसळताना गडगडाट होतो. पण आवाज तुमच्यापर्यंत येईतो तुकडा पाण्यात गेलेला असतो. आवाजाच्या दिशेने कॅमेरा फिरवणाऱ्यांना उसळलेल्या पाण्याचा फोटो मिळतो, पडत्या बर्फाचा नाही. त्यापेक्षा भेगाळलेला, पुढे झुकलेला एक भाग निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. बर्फाचा निळा रंग बघून पाण्यात काही मिसळलंय का असं लोक विचारतात. दाबाखाली बर्फातली हवा निघून जाते, असा घट्ट बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो आणि निळा उरतो. ढगाळ दिवशी तो जास्त खुलतो, तेव्हा आभाळ भरलेलं बघून हिरमुसू नका.

ग्लेशियर बे मिळालं नाही तर हबर्ड. ही सुमारे १२२ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे आणि समुद्राशी तिचं तोंड जवळपास १० किलोमीटर रुंद. जगभर हिमनद्या मागे सरकत असताना ही पुढे येते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फियोर्डचं (फियोर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली अरुंद, खोल खाडी) तोंडच बंद करून टाकलं होतं. अडचण एवढीच की ती अलास्काच्या आखाताकडे, उघड्या समुद्राच्या बाजूला आहे, म्हणजे पुन्हा हलणं आलं. तिसरा पर्याय ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म या अरुंद फियोर्डांचा. ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये डोंगराचा मोठा कडा कोसळून त्सुनामीची लाट उठली होती. त्यानंतर कंपन्या एंडिकॉट आर्मकडे वळल्या आहेत. जुन्या माहितीपत्रकात ट्रेसी आर्म दिसलं तर विचारून खात्री करा.

महिना. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. अमेरिकेत शाळांना सुट्टी म्हणून जुलै आणि ऑगस्टचा पूर्वार्ध महाग आणि गर्दीचा. तुम्हाला शाळेचं बंधन नाही, तेव्हा मेचा शेवट ते जूनचा मध्य धरा. या भागात मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, डोंगरांवर बर्फ शिल्लक आणि दिवस अफाट मोठा. जूनमध्ये जुनोला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा हजर. सामन मासे ओढ्यांत चढताना आणि त्यांच्यामागे आलेली अस्वलं बघायची असतील तर मात्र जुलैअखेर किंवा ऑगस्ट हवा. सप्टेंबर स्वस्त पडतो, उत्तरेचे दिवे दिसण्याची थोडी आशाही असते, पण पाऊस वाढलेला असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सप्टेंबर सुचवत नाही.

बंदरांबद्दल. जुनो ही अलास्काची राजधानी आणि तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. विमानाने या किंवा पाण्यातून. इथे पैसे खर्च करायचे ते देवमासे बघायला. ऑक बे या आडोशाच्या खाडीतून बोटी सुटतात, म्हणून बोट लागणाऱ्यांनाही सहसा जमतं. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईजवळ पिलांना जन्म देतात आणि उन्हाळ्यात चरायला इथे येतात. कधी कधी ते टोळीने माशांच्या थव्याभोवती गोल फिरत बुडबुड्यांचं जाळं विणतात आणि सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. ते दिसेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो विक्रेता. देवमासे मात्र मोसमात जवळजवळ हमखास दिसतात आणि कित्येक बोटवाले न दिसल्यास काही पैसे परत करतात. बोटीला देवमाशापासून किमान १०० यार्ड दूर राहावं लागतं, तेव्हा दुर्बीण न्या. दोघांत एक पुरत नाही, दोन न्या. लग्नाचा वाढदिवस आहे, भांडण कशाला?

मेंडनहॉल हिमनदी शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. बऱ्याच देवमाशांच्या सहलींना ती जोडून मिळते, तशीच घ्या. ती इतकी मागे गेली आहे की माहिती केंद्रातून पूर्वीसारखी जवळ दिसत नाही. नगेट धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटर. गुडघा नाही म्हणाला तर अलीकडे फोटो पॉइंटची छोटी वाट आहे, तेवढी पुरे. ऑगस्टमध्ये वर कोंडलेलं पाणी हिमनदीखालून फुटून पूर येतात. २०२३ पासून सलग तीन वर्षं मोठे आले. जून निवडण्याचं हे आणखी एक कारण.

वेळापत्रक वाचायला सांगितलं ते अशा ठिकाणी कामाला येतं. जुनोला जहाज दुपारी एकला लागून रात्री नऊला निघत असेल तर उत्तम. सकाळी सातला लागून दुपारी एकला निघत असेल तर देवमासे किंवा हिमनदी, एकच होईल. त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं आहेत तेही बघा, बंदरांची कॅलेंडरं खुली असतात. जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे. पाच जहाजांची माणसंही काही कमी नसतात.

स्कॅगवे हे हजार-बाराशे वस्तीचं गाव. त्याचं सगळं नाव एका वेडापायी झालं. १८९६ मध्ये कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी हजारो माणसं इथे उतरून डोंगर चढायला निघाली. सीमेवर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराचं धान्य आणि सामान असल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन ओझं. ते पाठीवर थोडं थोडं नेत एकच चढ पुन्हा पुन्हा चढायचा. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे ३००० घोडे मेले. १८९८ मध्ये रेल्वे घालायला घेतली आणि १९०० मध्ये ती पुरी झाली, तोवर सोन्याची लाट ओसरत आलेली. सोनं कुणाला किती मिळालं ते सोडा, गाडी अजून चालते आणि स्कॅगवेत तुम्ही तीच करा. ३२ किलोमीटरमध्ये जवळपास ८७३ मीटर चढते, चालावं लागत नाही, पावसात भिजायला होत नाही. चढताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला आहे. वर पोहोचल्यावर सगळे जागा बदलतात. फक्त शिखरापर्यंत जाऊन परत येणाऱ्या फेरीत कुणी खाली उतरत नाही. पुढे फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंतची सहल घेतली तर कॅनडाची सीमा ओलांडायची, तेव्हा पासपोर्ट आणि व्हिसा खिशात हवेत. तिकीट आधीच काढा.

केचिकनला पाऊस असणार असंच धरून चाला. वर्षाला साधारण ३८०० मिलिमीटर पडतो आणि आपल्यासारखा चार महिन्यांत उरकून घेत नाही. इथे मी फिरती सहल घ्यायला सांगत नाही, सीप्लेनची तर पहिल्या भेटीत मुळीच नाही: महाग, हवामानावर अवलंबून, आणि वहिनींच्या पोटाला पेलणारी नाही. त्यापेक्षा सॅक्समन गावातले किंवा टोटेम हेरिटेज सेंटरमधले टोटेम खांब बघा. इथला मूळ त्लिंगिट समाज रेव्हन आणि ईगल अशा दोन शाखांत विभागलेला आहे. परंपरेने लग्न आपल्या शाखेत करायचं नाही आणि मुलं आईच्या शाखेची. सगोत्र विवाह टाळणाऱ्या आपल्या लोकांना खांबावरच्या कावळ्याचा नि गरुडाचा अर्थ एवढ्यावरून लगेच लागतो. खांब पूजेसाठी नसतात. कुणाचं घराणं, कुणाची आठवण, क्वचित कुणाची बुडवलेली उधारी, असं काय काय त्यांवर कोरलेलं असतं. वाटाड्या स्थानिक असेल तर तासभर निघून जातो. एक बारीक गोष्ट: काही जहाजं, विशेषतः नॉर्वेजियन या कंपनीची, गावात न लागता अकराएक किलोमीटरवरच्या वॉर्ड कोव्हला लागतात. मग बसने ये-जा. वेळापत्रकात नुसतं 'केचिकन' लिहिलेलं असतं.

सिट्का मिळालं तर घ्या. १८६७ मध्ये रशियाने ७२ लाख डॉलरला अलास्का अमेरिकेला विकलं, तो हस्तांतराचा सोहळा तिथेच झाला. रशियन धाटणीचं चर्च अजून गावाच्या मधोमध आहे. आइसी स्ट्रेट पॉइंट म्हणजे हूना गावाजवळची जुनी सामन डबाबंद करण्याची कॅनरी, आता स्थानिक लोकांच्याच कंपनीच्या मालकीची. तिथेही देवमासे भरपूर. जुनोत पाऊस लागणार वाटलं तर देवमाशांची सहल तिकडे हलवता येते.

बाल्कनी. ती घेतलीच पाहिजे असं सांगणारे कमिशनचा विचार करत असतात. हिमनदीच्या दिवशी खरी जागा वरचा उघडा डेक किंवा जहाजाचं पुढचं टोक. केबिनच्या बाल्कनीतून एकच बाजू दिसते. तरी तुमच्या बाबतीत मी बाल्कनी घ्या म्हणेन, कारण वहिनींना दिवसभर उभं राहवणार नाही. शाल पांघरून, पाय वर घेऊन बसता आलं पाहिजे. घ्याल ती जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. 'गॅरंटी' केबिन स्वस्त मिळते, पण कुठली द्यायची ते कंपनी ठरवते आणि नेमकी पुढच्या टोकाची नशिबी येऊ शकते. पैसे कमी पडले तर बाल्कनी सोडून खिडकीची केबिन घ्या, देवमाशांची सहल सोडू नका. बोट लागण्यावरच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. अ‍ॅव्होमिनने झोप येते, आणि रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आलेपाक न्या.

जेवणाची काळजी तुम्ही करता तेवढी नाही. मोठ्या कंपन्यांच्या मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी पदार्थ सांगून ठेवले तर मिळतात. कर्मचाऱ्यांत भारतीय बरेच, त्यांत गोव्याचे आणि मुंबईचे हमखास भेटतात. पद्धत अशी: बुकिंगनंतर 'शाकाहारी, अंडं नाही' असं लेखी कळवा, पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला भेटा आणि मग रोज रात्री उद्याचं सांगून ठेवा. 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणालात तर अंडं चालतं असं धरतात, आणि सूपचा स्टॉक कशाचा ते विचारावंच लागतं. बुफेत सकाळी फळं, ओट्स, ब्रेड, बटाटे यांवर कुणी उपाशी राहत नाही. चिवडा, खाकरे, मेतकूट न्या. विजेची किटली नेऊ नका, जहाजावर चालत नाही आणि काढून घेतात. बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून बंदरात उतरू नका, ताजी फळं बाहेर न्यायला बंदी असते.

कपड्यांत लोकरीचा एक जाड कोट नको. पातळ थर, वर टोपीचं विंडचीटर, कानटोपी, हातमोजे. जूनमध्ये दिवसा दहा ते अठरा अंश असतं, पण हिमनदीसमोरचा वारा हाडात शिरतो. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही.

खर्चाचं थोडक्यात. तिकिटात बंदर-कर, टिप, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट आणि पेयं बहुतेक वेळा धरलेली नसतात. टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लागते. देवमाशांची सहल आणि व्हाइट पासची गाडी यांना प्रत्येकी माणशी दीडशे-दोनशे डॉलर धरून ठेवा. फोन जहाजात चढताच एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातल्या मोबाइल जाळ्याचं बिल घरी येतं. जहाजावरच्या डॉक्टरांचे पैसेही डॉलरमध्ये तिथल्या तिथे खात्यावर चढतात. म्हणून विमा घेताना हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनचे आजार त्यात आहेत का ते वाचून घ्या. बंदरात उतरताना जहाजावरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे ते बघूनच निघा. अलास्काची वेळ व्हँकुव्हरपेक्षा एक तास मागे आहे, आणि फोन भलत्याच टॉवरची वेळ दाखवतो.

वाढदिवसाचं 'पॅकेज' घेऊ नका. फुगे, चॉकलेट आणि फोटोची चौकट यांचे भरमसाट पैसे लावतात. हेडवेटरला तारीख सांगा, त्या रात्री खिडकीजवळचं टेबल मागून घ्या. बहुतेक जहाजांवर एक-दोन रात्री औपचारिक पोशाखाच्या असतात. शक्य असेल तर वाढदिवस त्यांपैकी एका रात्री धरा, पैठणी नेसायला निमित्त मिळेल. केक कंपनीकडून फुकट येतो, पण तो अंड्याचा असतो. बिनअंड्याचा हवा असेल तर जहाजात चढल्या दिवशीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही.